खाणावळीत ‘अगदी थोडे’ जेवायला येतात

ज्ञानेशनं मावशींच्या फोनवर आलेला नव्या गिऱ्हाइकांचा इंग्रजी मेसेज वाचला आणि ऐटीत अर्थ सांगितला, “मावशी, आज रात्री जेवायला ‘क्वाइट अ फ्यू’ येणारेत. क्वाइट म्हणजे अगदी, फ्यू म्हणजे थोडे. अगदी थोडे!” डिप्लोमाला इंग्रजीत काठावर पास झालेल्या माणसाचा आत्मविश्वास काही औरच असतो.

मावशी म्हणजे कौशल्याबाई. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा धाराशिवच्या या बाईनं कारखान्यांच्या निघोज्यात खाणावळ काढली. ज्ञानेश तिथलं जुनं गिऱ्हाईक. नवे आले होते तामिळनाडूचे ट्रेनी. महिनाभर जेवून बघू म्हणालेले. ते टिकले तर शेजारचा गाळा घ्यायचा. गेले तर आहे तोही सोडायचा, असा बाईंचा हिशेब.

बाईंनी बेतानंच पीठ मळलं. सात वाजता कंपनीची बस थांबली आणि सगळेच्या सगळे ट्रेनी उतरले. वर दोन पाहुणे.

“हे अगदी थोडे व्हय रं?”

ज्ञानेशनं घाईघाईनं फोनवर शोधलं. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे बरेच. नुसतं ‘अ फ्यू’ म्हणजे काही जण. त्यातला ‘अ’ गेला, की जवळजवळ कुणीच नाही.

“एवढ्याशा ‘अ’नं एवढा फरक?”

“आपल्यात नाही का? ‘थोडी भाजी आहे’ म्हटलं की माणूस बसतो. ‘थोडीच आहे’ म्हटलं की उठतो.”

“मग आता पोरं उठायच्या आत पाणी वाढ!”

भिंतीपलीकडून घरमालकीण अंबुबाई तवा घेऊनच आल्या. “लेकरं उपाशी ऱ्हात्यात व्हय? आमी हाय की!” दोन तव्यांवरून भाकरी थेट ताटात पडू लागली. सगळ्यांना एकेक मिळाल्याशिवाय कुणाला दुसरी नाही. भाजी संपली तेव्हा शेंगदाण्याची चटणी आली, आणि पोरांनी तीच जास्त मागितली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रत्येकाचं नाव ताटावर कोरून घेतलं. रात्री जेवणार असेल त्यानं सकाळी कामावर जाताना फळीवर ताट सुलटं ठेवायचं, नसेल त्यानं उपडं. भाषेची कटकटच मिटली.

महिना भरला. ट्रेनींमधला सेंथिल आणखी पाच जणांना घेऊन आला आणि म्हणाला, “मावशी, प्लेट कम पडेगा.” बाईंनी त्याच संध्याकाळी शेजारच्या गाळ्याची किल्ली घेतली.

ज्ञानेशला दंड ठोठावला गेला: एका रविवारी सगळ्यांच्या भाकऱ्या त्यानं थापायच्या. पण काय करणार, रविवार आला की बिचाऱ्याला नेमका ओव्हरटाइम लागतो.