डोंगरवाल्याचा तह

मी थापाड्या आहे, हे आमच्या भावकीत म्हशींनासुद्धा ठाऊक होतं. मी "पाऊस येतोय" म्हटलं की लोक हातातली छत्री घरात ठेवून निघायचे.

नव्वदच्या दशकात नाशकातल्या एका रद्दीवाल्याकडे मला एक इंग्रजी पुस्तक मिळालं. व्हिएतनाममधला एक शेतकरी पुढारी, फ्रेंचांच्या राज्याविरुद्ध वर्षानुवर्षं डोंगरात झुंजलेला, त्याचं चरित्र. शेवटची पानं गायब. कुणीतरी त्यात शेंगदाणे बांधून दिले असणार. उरलेलं पुस्तक जिथं थांबलं, तिथं फ्रेंच दमून त्याच्याशी तह करतात, काही गावं तोडून देतात, आणि हा गडी बंदूक भिंतीला टेकवून भात लावायला लागतो. त्याचं नाव काही केल्या माझ्या जिभेवर बसेना. मामा म्हणाला, "डोंगरवाला म्हण की सरळ."

या मामाचा मळा गंगापूर रोडच्या पलीकडे, नदीच्या अंगाला होता. शेवंती आणि झेंडू. खुडणी चालली की मी बांधावर बसून डोंगरवाला सांगायचो. माझ्या तोंडून तो सात फूट उंच झाला. फ्रेंचांची फौज आली की तो भाताच्या चिखलात बुडी मारायचा, तोंडात वेळूची नळी, असा तीन-तीन दिवस. फौज डोक्यावरून जायला लागली की नळीतून शिंकायचा. त्या शिंकेनं घोडे उधळून थेट समुद्रात.

"आन मंग शेवटी काय झालं?" मामीनं विचारलं.

शेवट माझ्याकडे होता कुठं? मग मी केला. डोंगरवाला तहाच्या जमिनीवर नव्वद वर्षांचा झाला. फ्रेंच साहेब दरसाल टोपी काढून त्याच्या बांधावर यायचा आणि विचारायचा, यंदा पीक कसं काय, राव? मामीनं पदर डोळ्यांना लावला. मी खूश.

पुढं नव्या रस्त्यासाठी मोजणीवाले आले. रस्ता मामाच्या मळ्यातून आणि शेजारच्या फुलवाल्यांच्या वावरांतून जाणार होता. मामानं सगळी घरं एक केली. रोवलेल्या खुंट्या संध्याकाळच्या आत उपटल्या जायच्या. मोजणीची टेप विहिरीत गेली. ती मी टाकली असं मी सांगतो, पण टाकली मामीनं. दोन वर्षं कुणाची बांधावर पाय ठेवायची छाती झाली नाही. त्या दोन वर्षांत मामा बोटभर उंच झाला होता. हे मात्र खरं आहे.

मग रस्त्याच्या कामावरच्या साहेबानं सूर बदलला. निम्मी जमीन द्या, उरलेल्या निम्मीला कधी हात लावणार नाही, संमतीपत्रावर सह्या करा. माणसं फुटायला लागली, तेव्हा सगळ्यांनी मिळूनच सही करावी असं मामाला वाटलं. मामानं मला बोलावलं.

"डोंगरवाल्यानं तह केलाच ना? रविवारी सगळे मळ्यात येतील. तू त्यांना शेवट सांग. माझ्यापेक्षा तुझं ऐकतील."

आपली थाप आता संमतीपत्राला चिकटणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन कपाटं उपसली. तेच पुस्तक मिळालं, अख्खं. उभ्याउभ्याच शेवट वाचला. तह म्हणजे फ्रेंचांनी दम खाणं होतं. तहाच्या वर्षांत त्यांनी डोंगराभोवती चौक्या बसवल्या, रस्ते बांधले. मग त्याच रस्त्यांनी फौज आली. बायकोला धरून नेलं, साथीदार एकेक करून शरण गेले. शेवटी मित्र म्हणून आलेल्यांनीच त्याला मारलं. त्याचं मुंडकं लोकांना बघायला ठेवलं.

रविवारी मी हे सगळं सांगितलं. नळी नाही, शिंक नाही. आयुष्यात एवढं सपाट मी कधी बोललो नव्हतो.

मग एकजण फिस्सकन हसला.

"का रं, आज मुंडकंच उडवलं? दिवाळीत तर नातवंडं खेळवत व्हता की!"

"पुस्तकात आहे," मी म्हणालो.

"शिंक बी पुस्तकातच व्हती ना?"

मळाभर हशा. पुस्तक आणून उपयोग नव्हता. ते इंग्रजी, आणि वाचून दाखवणार कोण, तर मी. मामा एकटा हसला नाही. जवळ येऊन हळू बोलला, "भाचेबुवा, माझ्या इरोधात बोलायचं तर सरळ बोल. गोष्ट कशाला मोडतो?"

पहिली सही मामानं केली. त्याच्यामागं सगळ्यांनी.

काही वर्षांत उरलेल्या निम्म्या जमिनीची नोटीस आली. जुन्या साहेबाची बदली झाली होती. नवा म्हणाला, तोंडी शब्दाला फायलीत जागा नसते. आणि ज्यांनी मामाच्या मागं सह्या केल्या, तेच पारावर मामाबद्दल बोलायला लागले, की याला आधीच ठाऊक होतं, हा साहेबाला आतून मिळालेला. फुलांचा टेम्पो आधी सगळ्यांचा मिळून बाजारात जायचा. आता मामाची टोपली त्यात कुणी घेईना. मामा सायकलला बांधून न्यायचा. जमीन जायची ती जाणारच होती, मामाला झोप लागेना ती त्या बोलण्यानं.

शेवटच्या खुडणीला मी गेलो. दोघंच होतो.

"भाच्या," मामा फुलांकडे बघतच म्हणाला, "ते मुंडकं त्याचंच व्हतं का रं?"

आता पुस्तकात छापलेलं होतं, की तिकडच्या लोकांचा त्या मुंडक्यावर विश्वास बसला नाही. ते दुसऱ्याच कुणाचं, डोंगरवाला जंगलात निघून गेला, असं लोक म्हणत राहिले. मी तसं सांगितलं. पण माझ्याच कानांना ते शिंकेसारखं लागलं.

"हे लोक म्हणतात का तू?"

"लोक."

"मामीची शपथ?"

"मामीची शपथ."

मामानं हातातली फुलं टोपलीत सोडली आणि तो कमरेवर हात ठेवून सरळ उभा राहिला. नोटीस आल्यापासून त्याला असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मंग सांग. साथीला कुणी नाय, मित्र उलटलेले. त्यानंतर जंगलात तो जगला कसा?"

ते पुस्तकात नव्हतं. सांगायचं तर पुन्हा थापच मारावी लागणार होती. मामा वाट बघत होता.