प्रेस बंद असते तो दिवस
चंदनाच्या गंधात मशीनच्या तेलाचा वास मिसळला की मला दक्षिणेतल्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातली पत्रे दाबणारी जुनी प्रेस आठवते. तिचं बेअरिंग वर्षभर कण्हत होतं आणि मेंटेनन्सवाला म्हणून मी प्रत्येक मीटिंगमध्ये ती उघडायला एक दिवस मागत होतो. प्रॉडक्शनचे साहेब म्हणायचे, “आयुधपूजेला बंद असतेच की, तेव्हा उघडा.” शेवटी ती नवमी उजाडली. प्रेस गप्प उभी होती, अंगावर विभूतीचे पट्टे, झेंडूचा हार, दारात फोडलेल्या कोहळ्यावर कुंकू. मी बाह्या सरसावून पाना मागितला. फिटर हात जोडून म्हणाला, “सार, पाने, स्क्रूड्रायव्हर, सगळं पूजेला मांडलंय. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.” खंडेनवमीला आमच्या आईनेही कधी विळीला हात लावू दिला नव्हता. मी प्रसादाचे चुरमुरे घेऊन प्रेसला टेकून बसलो. लोखंड चक्क गार लागलं. दुसऱ्या दिवशी मुहूर्त म्हणून सकाळच्या पाळीलाच ती सुरू झाली, आणि तिचं कण्हणंही. परवा माझा दुखरा गुडघा बघून डॉक्टर म्हणाले, “गुडघा उघडावा लागेल.” माझ्या तोंडून निघून गेलं, “आयुधपूजेला सुट्टी असतेच की, तेव्हा उघडा.”