निळा शर्ट

आज नामपल्लीच्या कोर्टात साक्ष देऊन आले.

दोन वर्षांपूर्वी काचीगुडा स्टेशनजवळ गाडीवरून आलेल्या चोराने माझं मंगळसूत्र ओढून नेलं. त्याचा चेहरा क्षणभरच दिसला होता.

आत जाण्यापूर्वी सरकारी वकिलांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, "साब, सूरत बराबर याद नहीं."

ते हसले. "टेन्शन नक्को लेओ अम्मा. अंदर नीला शर्ट पैना सो है ना, वहीच है."

त्यांना माझं फक्त बोट हवं होतं, हे आत्ता कळतंय. आत गेल्यावर मी ते निळा शर्ट घातलेल्या माणसाकडे रोखलं. न्यायाधीशांनी लिहून घेतलं.

 ही बाई आपल्याला कुठे भेटली होती, हे आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखा तो माणूस माझ्याकडे बघत राहिला.

आता डोळे मिटले की दोन वर्षांपूर्वीच्या त्या गाडीवरही तोच दिसतो, निळ्या शर्टासकट. खरा चेहरा गेला.

दिलेली साक्ष बदलता येते का? कुणी वकील वाचत असाल तर आजच सांगा.

टेन्शन घेऊ नका, असं मात्र कुणी लिहू नका.