जांभळी बोटं

सोन्याच्या क्षाराला हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, हे मी प्रयोगशाळेतल्या नव्या मुलांना बजावत होतो. बजावता बजावता उघड्या हातानं त्याच बाटलीचं बूच उचललं. दोन थेंब ओघळले. मुलं सभ्य, हसली नाहीत. घरी पोचेपर्यंत माझी तीन बोटं जांभळी झाली होती. हा डाग साबणानं जात नाही. वरची कातडी झडावी लागते.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिनं चष्मा लावून बोटं तपासली. "अहो, किती ठिकाणी मतदान करून आलात?"

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कंपनीत यंत्रांची पूजा. झेंडू, आंब्याचे टहाळे, गुरुजी. मालक अविनाश स्वतः प्रसाद वाटत होता. प्रत्येकाच्या तळहातावर त्यानं पेढा ठेवला. माझ्या हातावर ठेवला नाही. वीतभर वरून सोडला.

"हात बघ तुझे!" तो म्हणाला. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी. पेढा बोटांवर आपटून खाली पडला. तो मी वाकून उचलला, फुंकर मारली आणि खाल्ला. पेढ्याच्या बाबतीत मी कधीच मानी नव्हतो.

पण वाकलो तेव्हा आबा आठवले. माझे वडील. वलवणला एका बंगल्यावर माळीकाम करायचे. बंगल्यातली बाई त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. त्यांच्या हाताला कसलाच डाग नव्हता.

मी ते झटकून टाकलं. अविनाश तसला नाही. तळेगावच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसलो. कंपनी काढायची ठरल्यावर तो थेट सोमाटण्याला माझ्या घरी आला. "तुझ्याशिवाय मला जमायचं नाही," म्हणाला. मी चालती नोकरी सोडून गेलो. चारचौघांत सर, एकट्यात अवि. घरी तर कितीदा यायचा. फक्त आला की नेमका त्याचा उपास असायचा. आणि उपास असा कडक की पाणीसुद्धा चालायचं नाही. मी त्याला फार धार्मिक समजत होतो. बायको भरलेला तांब्या तसाच आत न्यायची.

आता माझं काम सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही तपासणीच्या पट्ट्या बनवतो. आजार असला की पट्टीवर लाल रेघ उमटते. ती रेघ सोन्याची असते. सोनं अतिशय बारीक झालं, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक, की ते पिवळं राहत नाही. डाळिंबी दिसतं. सोन्याच्या क्षाराचं पाणी उकळायचं, जोरात ढवळत ठेवायचं आणि त्यात सायट्रेट एकदम ओतायचा. सायट्रेट म्हणजे लिंबातल्या आम्लाचाच एक क्षार. तो जास्त घातला की कण लहान होतात, कमी घातला की मोठे. रेंगाळत ओतला की लहानमोठ्यांची खिचडी. तोच सायट्रेट प्रत्येक कणाभोवती बसतो आणि कणांना एकमेकांपासून लांब ठेवतो. भांड्यात बोअरच्या पाण्यातला क्षार किंवा कसलाही मळ राहिला, की हे सगळं कोसळतं. कण एकमेकांना चिकटतात. डाळिंबी पाणी निळं होतं. निळं झालं की संपलं. फेकायचं.

म्हणून भांडी मी स्वतः धुतो. आधी जहाल आम्लानं, मग शुद्ध केलेल्या पाण्यानं, पुन्हा पुन्हा. आबा एकदा प्रयोगशाळा बघायला आले, मी धूत बसलो होतो. म्हणाले, "भांडी घासाया एवढं शिकलास व्हय रं?"

तर पेढा खाऊन मी सरळ झालो, तेवढ्यात गुरुजींच्या हातातलं आंब्याचं पान अविनाशनं घेतलं. ते तांब्यातल्या तीर्थात बुडवून, मी धुऊन ठेवलेल्या मोठ्या फ्लास्कच्या आत शिंपडलं. चिमूटभर हळदकुंकूही टाकलं.

मी म्हणालो, "सर, आत नको. स्वच्छ करून ठेवलाय."

"तीर्थ आहे रे. घाण नाही."

"मग परत धुतो."

"पूजा झाल्या झाल्या धुणार? दसरा तरी होऊ दे!"

मनात म्हटलं, सुट्टीनंतर धुऊ.

दसऱ्याला आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. मी दरवर्षीप्रमाणे रजेवर, घरच्यांबरोबर विहारात. इकडे अविनाशनं मुहूर्त साधला. दसऱ्याला सोनं करायचं! मुलांना बोलावून त्याच फ्लास्कमध्ये बॅच लावली. तीर्थासकट. कुणाची धुवायची हिंमत झाली नाही. पाणी निळं झालं.

दसऱ्यानंतर मुंबईहून खरेदीदार आले. माल दाखवायचा तर बॅच निळी. अविनाशनं सगळ्यांदेखत विचारलं, "भांडी कुणी धुतली होती?"

"मी."

"तरीच." तो पाहुण्यांकडे वळला. "माणूस हुशार आहे हं. पण स्वच्छता काही शिकवून येत नाही. ती घरातून यावी लागते. आता यांच्या घरात..."

पुढचं त्यानं गिळलं. गिळायची गरज नव्हती. सगळ्यांना कळलं होतं. पाहुण्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं. पूजेला हजर असलेली मुलं जमिनीकडे बघत राहिली.

"सांग त्यांना," अविनाश म्हणाला, "धुण्यात चूक झाली म्हणून."

'सॉरी सर' माझ्या जिभेवर आलं होतं. खोटं कशाला बोलू, सवयच होती. पण जिभेवर अजून तो पेढा होता. वरून सोडलेला. आता त्या वीतभर अंतराचा अर्थ कळला. आणि सगळ्या उपासांचाही.

"अवि," मी म्हणालो. कंपनीत, चारचौघांत, पहिल्यांदाच. "भांडं मी स्वच्छ दिलं होतं. तीर्थ तू शिंपडलंस. आणि ते वाक्य पूर्ण कर."

"कुठलं?"

"यांच्या घरात. काय यांच्या घरात?"

"अरे, गंमत केली. लगेच मनाला लावून घेतोस!"

"पूर्ण कर."

नाही केलं त्यानं. पाहुण्यांनी फोन काढले. एकही मुलगा माझ्या बाजूनं बोलला नाही. अविनाश हळूच म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस मग."

"येणार. काढायचं तर कारण लिहून काढ. आणि त्यात हे वाक्य पूर्ण लिही."

मी निघालो. बंडखोर म्हणून मी फारसा शोभलो नसेन. गेटवर मोटारसायकलला दुसरीच किल्ली लावत बसलो होतो.

पण ठरलं. उद्या जाणार. त्याचा पूजलेला फ्लास्क त्याच्यासमोर आम्लानं धुणार. त्याला सर म्हणणार नाही. वरून सोडलेलं काहीही, पेढा असो की पगारवाढ, या हातावर घेणार नाही. आणि चूक माझी नसताना माझी म्हणणार नाही. जन्मात नाही.

घरी सगळं सांगितलं. सांगताना मी लिंबाची फोड बोटांवर घासत होतो. बायकोनं फोड काढून घेतली.

"लिंबू वाया घालवू नका," ती म्हणाली. "आणि तो परत घरी आला, तर मी पाणी विचारणार नाही. त्याचा उपास आपण कशाला मोडायचा?"