घरात न मावणारी रेकॉर्ड
रेकॉर्डच्या जुन्या पुठ्ठ्याचा वास आला की मला आमच्या उत्रोली गावातलं कापणी झालेलं भातखाचर आठवतं. सत्तरच्या दशकातला तो विलायती रॉक अल्बम रटाळ म्हणून मी गावातल्या लाउडस्पीकरवाल्या काकांना देऊन टाकला होता. लग्नाचा मांडव घातला की कर्णा तपासायला ते हटकून तोच लावायचे. एका दुपारी खाचरात घातलेल्या मांडवात मी त्यावर हसलो, तर म्हणाले, “दुसरी बाजू ऐकलीच न्हाईस व्हय? घरात मावत न्हाई ती.” त्यांनी सुई ठेवली. ऑर्गनचा लांब सूर रिकाम्या शिवारावरून डोंगरापर्यंत गेला, परत आला, आणि त्या परतलेल्या सुरात गिटार मिसळली. माझ्या अंगावर काटा आला. काकांनी रेकॉर्ड पुसून माझ्या हातात दिली, “घिऊन जा, तुझीच हाय.” आभार मानायचे राहूनच गेले, पण आजही ती बाजू लावण्याआधी मी फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या उघडतो.