वेल्ड का बोल्ट, सायबांना आज कळलं

मंडळी, आज दुपारी जीव असा गार झालाय की लगेच लिहायला बसलोय.

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप हाय. गेल्या आठवड्यात एका कंपनीच्या नव्या डिझायनर सायबांनी जनावरांचा चारा बारीक कापायच्या कडबा कुट्टी मशीनचं ड्रॉइंग पाठवलं. झाकणापाशी इंग्रजीत एवढंच लिहिलेलं, 'जॉइन'.

मी फोन केला. "सायेब, वेल्ड करू का बोल्ट लावू?"

फोन स्पीकरवर होता. माझे चारी कामगार ऐकत होते. सायेब म्हणाले, "जॉइन म्हणजे जोडा! एवढं इंग्रजी येत नाही, तर धंदा कशाला करता?"

ज्याच्या गोठ्यात एक म्हस हाय, त्यालाबी ठावं असतं की कुट्टीच्या पात्याला धार लावावी लागती आणि त्यासाठी बोल्ट खोलून झाकण निघालं पायजे. मलाबी ठावं होतं. तरी नमुन्याच्या मशीनचं झाकण मी चारी बाजूंनी पक्कं वेल्ड करून टाकलं.

आज कंपनीचे मालक मशीन बघायला वर्कशॉपवर आले. सोबत ते डिझायनर सायेब होते, आणि गारगोटीच्या एक गिऱ्हाईक मावशीबी. मावशींनी सायबांना विचारलं, "पातं काढायचं कुठनं, पावणं?"

सायबांनी झाकण ओढलं, हिसडलं, घाम पुसला. मग माझ्याकडं बघितलं.

"निघणार न्हाय," मी म्हणालो. "जोडलंय की."

मालक बाहेर गेल्यावर सायेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मग काय लिहायला पाहिजे होतं?"

मी चारी कामगारांना हाक मारून जवळ बोलावलं. "आता मोठ्यानं इचारा, सायेब."

त्यांनी मोठ्यानं विचारलं.

तुमी असता, तर कानात सांगितलं असतं का?