आमच्या मंडळाचं सातवं कलम

शाळेतून निवृत्त झालो त्याच वर्षी मी वाशी या आमच्या तालुक्याच्या गावी देव न मानणाऱ्यांचं मंडळ काढलं. तीस वर्षं मी विज्ञान शिकवलं आणि तीस वर्षं प्रयोगशाळेच्या दारावर लिंबू-मिरची लटकलेली बघितली. मी ती काढायचो, शिपाई दुसरी लावायचा. भांडून भांडून माझा घसा बसला, लिंबू काही हटलं नाही. या तालुक्यात आपल्यासारखी दोन-चार डोकी तरी असतील, ती एकत्र बसली तर निदान एकट्यानं चिडण्याचा त्रास वाचेल, असं तेव्हा वाटायचं.

वर्षभरात सात जण जमलो. बसायला जागा कुणी देईना. शेवटी आमच्यातल्याच एकानं आपलं पाण्याच्या जळक्या मोटारी भरायचं दुकान महिन्यातल्या एका रविवारी मोकळं करून दिलं. तांब्याच्या तारांची भेंडोळी बाजूला सारून आम्ही सतरंजी अंथरायचो. चहा शेजारच्या हॉटेलातून यायचा आणि हॉटेलवाला पोऱ्याला मुद्दाम मोठ्यानं सांगायचा, "जा, राक्षसांना चहा देऊन ये." आम्हीही हसायचो. हसण्यासारखं तेवढंच होतं, कारण सातांपैकी चौघांच्या घरात या बैठकांवरून अबोला चालू होता.

सगळी हयात शाळेत घालवलेल्या माणसाला हजेरीपट आणि इतिवृत्त असल्याशिवाय चार माणसं जमली आहेत हेच खरं वाटत नाही. मी नियमावली लिहिली. अकरा कलमं. सातवं असं होतं की सभासद कोणत्याही यात्रेत, नवसात वा धार्मिक विधीत भाग घेणार नाही. प्रत्येकानं ती मोठ्यानं वाचून खाली सही करायची. हे कलम लिहिताना मला फार बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

आमच्यात बाई एकच होती. तेरखेड्याची अंगणवाडी सेविका, वय पस्तिशीच्या आत. तिचा नवरा फटाके बनवायच्या शेडला लागलेल्या आगीत गेला. त्या चैत्रात ती येरमाळ्याला येडाई देवीच्या यात्रेला गेली नव्हती, तेवढं निमित्त भावकीला पुरलं. देवी कोपली, सुनेनं नवरा खाल्ला. तिनं त्या दिवसापासून देव्हाऱ्याकडे पाठ केली ती केलीच. आमच्याकडे आली तेव्हा पहिले तीन महिने दाराजवळ बसायची, एक अक्षर बोलायची नाही. चौथ्या बैठकीत म्हणाली, "मला सगळीकडं एकच इचारतात सर, तुझं काय चुकलं. हितं कुणी इचारलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला तिचं हे वाक्य मी दोनदा सांगितलं. आपण काहीतरी खरोखरच उभं केलं, असं मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलेलं आहे.

पुढच्या चैत्रात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. आमच्यातला कृषी सहायक कामानिमित्त येरमाळ्यावरून जात होता. फोटोत आमराईच्या बाजूचं रान होतं, माणसांची ही दाटी, आणि त्यात ही बाई वाकून चुन्याचे खडे वेचत होती. चैती पुनवेच्या दुसऱ्या दिवशी तिथं लोक हे खडे वेचून ढिगावर टाकतात, ती देवीची सेवा. फोटोखाली त्यानं काहीच लिहिलं नव्हतं, नुसती तीन प्रश्नचिन्हं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाव आता आमच्यावर हसणार, हेच पहिलं मनात आलं. तिला एक फोन करून विचारावं, हे सुचलं नाही. मी रविवारच्या बैठकीचा विषय लिहिला: कलम सातचा भंग.

ती आली. नेहमीसारखी बसायला लागली, तर मी म्हणालो, "आधी खुलासा करा." मग ती उभीच राहिली.

"सासूचे गुडघे गेलेत, सर. लई दिवस मागं लागल्या हुत्या, एकदा नेऊन आण म्हणून. नेलं. तिथं त्यांना वाकता यीना. म्या वेचले, त्यांच्या हातात दिले, त्यांनी टाकले. एवढंच."

"मग त्यांना समजवायचं होतं," कृषी सहायक म्हणाला.

"सत्तर वर्साच्या बाईला?"

मला वाटलं, आता आपणच शहाणपणानं मार्ग काढावा. मी वही तिच्यापुढे सरकवली. "तुमच्या मनात श्रद्धा नव्हती हे आम्हाला मान्य आहे. फक्त एक ओळ लिहून द्या, चूक झाली, पुन्हा होणार नाही. विषय संपला." मनाचा मोठेपणा दाखवतोय, अशी माझी समजूत होती.

तिनं वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मालक गेले तवा भावकीनं मला अंगणात उभं केलं हुतं. चुकलं म्हण, देवीम्होरं नाक घास, मंग घरात घेतो म्हणाले. म्या घासलं न्हाय. मंग हितं कसं घासू?"

आणि चपला घालून गेली. ती गेल्यावर तरी मी थांबावं की नाही? मी मतदान घेतलं. लिहून देईपर्यंत सभासदत्व स्थगित. पहिला हात माझा. दुकानवाल्याचा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथंच राहिला. मी इतिवृत्तात लिहिलं, सर्वानुमते.

दोन महिन्यांनी दुकानवाला म्हणाला, "सर, आता सीझन हाय, मोटारी ठेवायला जागा लागतीय." मग माझ्या ओसरीवर बसू लागलो. पाच जण, मग तिघं. एका रविवारी मी एकटाच हजेरीपट घेऊन बसलो होतो. माझी मलाच किळस आली. उठलो आणि तेरखेड्याची बस धरली.

ती घरी नव्हती. सासू दारात तुरीची डाळ निवडत बसली होती. मी वाशीचा मास्तर, मंडळाचा आहे म्हटल्यावर म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं.

"तुमचंच व्हय ते? या की, बसा. म्याच पाठिवलं हुतं तिला पैल्या खेपेला. घरात बसून पार वाळली हुती बगा. भावकी टोचून खायची. म्हणलं, जा बाई, देव न मानणाऱ्या मान्सांत तरी तुला कुणी बोल लावणार न्हाय."

मी सुपाशेजारी टेकलो.

"आता जात का न्हाय, इचारलं तर सांगत न्हाय," म्हातारी पुढे सरकून हळू आवाजात म्हणाली. "कुणी काय बोललं का हो तिला तिथं?"

"बोललं," मी म्हणालो. "चूक आमची झाली."

"मंग तिला सांगा की तसं. दुकानापस्तोर गेलीय, यीलच आता." म्हातारी भिंतीला धरून उठली. "तवर च्या टाकते."

आत भांडं वाजलं. मी रस्त्याकडे बघत होतो. थोड्या वेळानं वळणावर तिची साडी दिसली, हातात पिशवी, शेजारणीशी बोलत येत होती. तिनं मला अजून बघितलेलं नव्हतं. पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. चूक झाली, पुन्हा होणार नाही. वही पुढे सरकवून मी सगळ्यांसमोर तिच्याकडून मागितलं होतं, तेच.

मी उठलो आणि घराच्या मागच्या बोळातून एसटीच्या फाट्याकडे निघालो.

"गुर्जी, आवं च्या झालाय," म्हातारी आतून हाका मारत होती.